तुळशीच्या अर्कातले चांदीचे नॅनोकण: तीन प्रयोगांत तीन उत्तरं का आली?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातली एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी लिहिते: तुळशीच्या पानांचा १० मिली अर्क आणि १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटचं ९० मिली द्रावण एकत्र करून चांदीचे नॅनोकण बनवले, एकदा सेंट्रिफ्यूज करून धुतले आणि ए५४९ या फुप्फुसाच्या पेशींवर २४ तासांची एमटीटी चाचणी केली (जिवंत पेशी एमटीटी हे रसायन जांभळं करतात, त्यावरून किती पेशी जगल्या ते कळतं). डिसेंबरात ताज्या स्टॉकवर, म्हणजे बनवून ठेवलेल्या मूळ द्रावणावर, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत काहीच परिणाम दिसला नाही. तीन आठवड्यांनी त्याच बाटलीतून आयसी-५०, म्हणजे निम्म्या पेशी मारणारी मात्रा, आली ६२. फेब्रुवारीअखेरीस आली १८. या वेळी सीरम संपत आलं होतं म्हणून मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या द्रवात) १० टक्क्यांऐवजी २ टक्केच घातलं. बाटली इतके दिवस टेबलावरच होती. मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं, तुळशीपासून बनवलेले कण आहेत, विषारी यायला नकोत. यातला कोणता आकडा खरा मानायचा, आणि गप्पी माशांवरही प्रयोग करून टाकावा का?

तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण तिन्ही वेळा वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या पेशी ठेवायच्या खळग्यात, वेगवेगळी गोष्ट होती. मिठाचा किंवा एखाद्या औषधाचा विषारीपणा मोजताना बाटलीवरचं नाव आणि वजन पुरतं. नॅनोकणांच्या बाबतीत ते पुरत नाही. त्यांचा आकार, गुठळ्या होणं, पृष्ठभागावर काय चिकटलंय, किती धातू विरघळून आयन झालाय, आणि यातलं पेशीपर्यंत प्रत्यक्ष किती पोचलं, या सगळ्यावर उत्तर ठरतं, आणि हे सगळं आठवड्याआठवड्याला बदलतं. म्हणून ‘विषारी आहेत का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी हे शोधा की पेशींसमोर नेमकं काय होतं. तो शोध तुम्ही पुढच्या चार आठवड्यांत घेऊ शकता, आणि माझ्या मते तोच तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात भक्कम भाग होईल.

सुरुवात वजनापासून करू, कारण पहिली चूक बहुतेक वेळा तिथेच असते. ९० मिली १ मिलिमोलर द्रावणात १० मिली अर्क घातला की चांदी ०.९ मिलिमोलर होते, म्हणजे सुमारे ९७ मायक्रोग्रॅम प्रति मिली. सगळीच्या सगळी चांदी कणांत गेली तरी त्या बाटलीत याहून जास्त चांदी असूच शकत नाही. तुम्ही कण खाली बसवून थोड्या पाण्यात घेतले असतील तर स्टॉक दाट होऊ शकतो. पण मग तो आकडा कुठून आला? पेलेट (खाली बसलेला गाळ) वाळवून वजन केलं असेल तर त्या वजनात तुळशीतली साखर, पॉलिफिनॉल आणि प्रथिनं आहेत. एकदाच धुतलेल्या पेलेटमध्ये हा भाग मोठा असू शकतो. त्यामुळे तुमचे १०० मायक्रोग्रॅम म्हणजे चांदी नक्की किती, हे ठाऊक नाही. स्टॉकमधून अर्धा मिली घ्या, नायट्रिक आम्लात पूर्ण विरघळवा आणि अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर एकूण चांदी मोजून घ्या. अॅक्वा रेजिया किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका. सिल्व्हर क्लोराइड पांढरं होऊन खाली बसतं आणि आकडा कमी येतो. काचेची भांडीसुद्धा नळाच्या पाण्याने शेवटची विसळू नका, त्यातही क्लोराइड असतं. तुमच्या विभागात यंत्र नसेल तर वल्लभ विद्यानगरचं सिकार्ट हे उपकरण केंद्र जवळ आहे. नमुना नेण्याआधी कोणतं उपकरण चालू आहे आणि नमुना कशा स्वरूपात हवा ते फोन करून विचारून घ्या.

यापुढे सगळ्या मात्रा ‘चांदीचे मायक्रोग्रॅम’ अशाच लिहा. अर्कासकट वजनाचे आकडे मागच्या वहीत राहू देत, पण आलेखावर नकोत.

आता आयन. चांदीच्या नॅनोकणांबद्दलच्या बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे. पाण्यात ऑक्सिजन असला की चांदीच्या कणाचा पृष्ठभाग हळूहळू ऑक्सिडाइज होतो आणि चांदीचे आयन सुटतात. उजेड, उष्णता आणि कमी पीएच याला हातभार लावतात. हे आयन पेशीतल्या थायोल गटांना, म्हणजे ग्लुटाथायोनला आणि एन्झाइमांमधल्या सिस्टीनला, घट्ट धरतात. मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो आणि पेशी मरते. अनेक सेल लाइनमध्ये आयनी चांदी मिलीमागे काही मायक्रोग्रॅम इतकीच असली तरी मारक ठरते. म्हणजे तुमच्या स्टॉकमधली फक्त ५ टक्के चांदी आयन झाली असेल, तर २० मायक्रोग्रॅमच्या वेलमध्ये १ मायक्रोग्रॅम आयन आधीच आहेत. दोन महिने टेबलावर राहिलेल्या बाटलीत हे प्रमाण वाढलेलं असण्याची शक्यता खूप आहे. उलट बाजूही लक्षात घ्या: एकदाच धुतल्यामुळे सुरुवातीचा न उरकलेला सिल्व्हर नायट्रेटही आत राहिला असू शकतो. म्हणून ‘आधी कमी, नंतर जास्त’ हा सरळ निष्कर्षसुद्धा मोजल्याशिवाय काढू नका.

कण आत शिरल्यावरही हेच चालतं. पेशी कणाला गिळते, तो लायसोसोममध्ये जातो. तिथला पीएच साडेचार ते पाचच्या आसपास असतो. बाहेर न विरघळणारा कण तिथे विरघळायला लागतो आणि आयन थेट पेशीच्या पोटात सुटतात. झिंक ऑक्साइडचं तर हे ठळक वैशिष्ट्य आहे. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र तिथेही जवळपास विरघळत नाही. त्याचा त्रास झाला तर तो पृष्ठभागामुळे, अतिनील प्रकाशातल्या रासायनिक क्रियेमुळे किंवा न निघणारा साठा झाल्यामुळे होतो. म्हणून एका कणाचं स्पष्टीकरण दुसऱ्याला लावू नका. प्रबंधाच्या प्रस्तावनेत ‘नॅनोकण आरओएस (ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू) तयार करतात’ असं सरसकट वाक्य असेल तर ते चांदीपुरतं नीट लिहा.

आयन आणि कण यांचा हिशेब वेगळा करायला दोन कंट्रोल लागतात आणि दोन्ही स्वस्त आहेत. पहिला, सिल्व्हर नायट्रेट. त्यात वजनाने साडेत्रेसष्ट टक्के चांदी असते, म्हणून १ मायक्रोग्रॅम चांदीसाठी १.५७ मायक्रोग्रॅम नायट्रेट घ्या आणि ०.१ ते १० मायक्रोग्रॅम चांदीपर्यंतची मालिका लावा. दुसरा, तुमच्याच स्टॉकचा कण काढून टाकलेला सुपरनॅटंट, म्हणजे वरचं पाणी. त्यासाठी स्टॉक १५,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट) फिरवा. शुद्ध चांदीचा २० नॅनोमीटरचा कण या वेगात काही मिनिटांत खाली येतो, पण ५ नॅनोमीटरच्या कणाला तासाहून जास्त लागतो. म्हणून वरचं पाणी पिवळसर दिसत असेल तर बारीक कण अजून त्यात आहेत, त्याला आयनांचा कंट्रोल म्हणू नका. शक्य असेल तर ३ किंवा १० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्युगल फिल्टरमधून गाळा. या फिल्टरला आयन चिकटतात, तेव्हा आधी माहीत असलेल्या ताकदीचं सिल्व्हर नायट्रेट त्यातून गाळून किती परत मिळतं ते बघा. पेशींवर सुपरनॅटंट त्याच विरलतेने घाला ज्या विरलतेने कण घातले. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले तर तुम्ही कणांचा विषारीपणा मोजतच नव्हता, बाटलीत सुटलेल्या आयनांचा मोजत होता. वक्र वेगळे निघाले तर मधला फरक कणांचा, आणि तो पुढे शोधण्यासारखा आहे.

स्टॉक आता नवा बनवा. तीन वेळा धुवा: १२,००० जी, २० मिनिटं, दर वेळी मिली-क्यू किंवा डबल डिस्टिल्ड पाण्यात. पीबीएसमध्ये (पेशी धुण्याच्या खारट बफरमध्ये) कधीही धुऊ नका. त्यातलं क्लोराइड चांदीला धरतं आणि त्यातल्या मिठाने कणांमधलं विद्युत अपसारण दबलं की ते गुठळ्या करतात. पेलेट भिंतीला घट्ट चिकटून काळपट झालं आणि हलवल्यावर पिवळा रंग परत आला नाही, तर ती बॅच सोडून द्या. सोनिकेटरवर तासभर ठेवून ती सुधारत नाही, आणि प्रोब सोनिकेटर फार वेळ चालवला तर टोकाचं टायटॅनियम झिजून नमुन्यात येतं ते वेगळंच. तयार स्टॉक छोट्या ट्यूबमध्ये वाटून फॉइल गुंडाळून ४ अंशांवर ठेवा. फ्रीजरमध्ये नको, गोठवल्यावर कण एकत्र येतात. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीचं तापमान चाळिशीच्या घरात जातं आणि एसी रात्री बंद होतो, तेव्हा ‘रूम टेंपरेचर’ला ठेवलेला स्टॉक म्हणजे रोज थोडा बदलणारा स्टॉक. बनवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत चाचण्या उरका आणि प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी स्टॉकचा यूव्ही-व्हिस आलेख (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा) काढून वहीत चिकटवा. चांदीचं शिखर ४०० ते ४३० नॅनोमीटरला उंच आणि अरुंद दिसायला हवं. शिखर खाली येऊन ५०० च्या पुढे खांदा उगवला की गुठळ्या सुरू झाल्यात.

हाच आलेख मीडियममध्येही काढा, आणि हे जवळपास कुणी करत नाही. ज्या मीडियममध्ये पेशी वाढवता त्यात, तेवढ्याच सीरमसह, ३७ अंशांवर कण ठेवून ०, १, ४ आणि २४ तासांनी स्कॅन करा. ब्लँक म्हणून तेच मीडियम घ्या, फक्त कण नकोत. फिनॉल रेडचा रंग मधे येतो, म्हणून या कामापुरतं फिनॉल रेड नसलेलं मीडियम वापरा. डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणारं यंत्र) उपलब्ध असेल तर उत्तम, पण त्याचा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. २०० नॅनोमीटरची एक गुठळी २० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश फेकते. म्हणून टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) २० आणि डीएलएसमध्ये १८० आलं तर कुठलंतरी यंत्र चुकलं असं नसतं. टीईएम कोरड्या ग्रिडवरचा धातूचा गाभा दाखवतं, डीएलएस पाण्यातल्या, आवरणासकट, गुठळ्यांसकट कणांबद्दल सांगतं. दोन्ही आकडे द्या आणि कोणता कशाचा ते लिहा.

सीरम बदलल्याने काय झालं तेही इथे समजतं. मीडियममध्ये पडताच कणाभोवती प्रथिनांचा थर चढतो, त्याला कोरोना म्हणतात. त्यात अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, अॅपोलिपोप्रोटीन अशी प्रथिनं असतात. पेशीला मूळ चांदी दिसत नाही, हा थर दिसतो. १० टक्के सीरममध्ये थर जाड बसतो, कण बऱ्यापैकी सुटे राहतात, पेशीला चिकटण्याचं प्रमाण घटतं आणि मोकळे आयनही अल्ब्युमिनवरच्या थायोलला बांधले जातात. सीरम २ टक्क्यांवर आणलं की हे सगळं संरक्षण कमी होतं. त्यातून पेशींनाही कमी अन्न मिळतं, म्हणजे त्या आधीच नाजूक. फेब्रुवारीच्या प्रयोगात तुमच्या दोन गोष्टी एकदम बदलल्या: स्टॉक जुना झाला आणि सीरम घटलं. ६२ वरून १८ कशामुळे, हे त्या आकड्यांतून सांगताच येणार नाही. पण सुदैवाने जुनी बाटली अजून आहे. जुना आणि नवा स्टॉक, १० आणि २ टक्के सीरम, अशा चार जोड्या एकाच दिवशी, एकाच पॅसेजच्या (सारख्याच वेळा नव्या भांड्यात हलवलेल्या) पेशींवर, चांदीच्या समान मात्रेत लावा. एका आठवड्यात कळेल. जुनी बाटली फेकू नका, हे मुद्दाम सांगतो.

मात्रेचा आणखी एक पदर आहे. मिलीमागे ५० मायक्रोग्रॅम म्हटलं तरी ९६ वेलच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर घातले की वेलमध्ये ५ मायक्रोग्रॅम येतात. तळाचं क्षेत्रफळ ०.३२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे साडेपंधरा मायक्रोग्रॅम. तुम्ही २०० मायक्रोलिटर घातले तर ‘मात्रा’ तीच राहून तळावरचा भार दुप्पट होतो. ६ वेलच्या प्लेटमध्ये २ मिली घातले तर तो साडेदहावर येतो. कण २० नॅनोमीटरचे असतील तर या ५ मायक्रोग्रॅममध्ये शंभर अब्जांच्या वर कण आहेत, १०,००० पेशी असतील तर एका पेशीमागे एक कोटीहून जास्त. तेच वजन १०० नॅनोमीटरच्या कणांचं असेल तर पेशीमागे जेमतेम नव्वद हजार. पृष्ठभागही ग्रॅममागे २८.६ चौरस मीटरवरून ५.७ वर येतो. आयन सुटतात पृष्ठभागावरून, म्हणून वजन सारखं असलं तरी परिणाम सारखा येत नाही.

आणि हे कण खाली पोचतात तरी का? १०० नॅनोमीटरचा चांदीचा सुटा गोळा ३७ अंशांच्या पाण्यात ३ मिलिमीटर खाली यायला अकरा-बारा तास घेतो. २० नॅनोमीटरचा कण बुडून खाली येण्याची वाट बघितली तर पंचवीसपट वेळ लागेल. तो येतो तो मुख्यतः इकडेतिकडे भरकटत, विसरणाने. गुठळी मात्र तासा-दोन तासांत पेशींच्या डोक्यावर बसते. म्हणून गुठळ्या झालेला नमुना काही वेळा जास्त विषारी दिसतो. त्यात पिपेटिंगची भर पडते: विरलतेची मालिका करून ट्यूब वीस मिनिटं रॅकमध्ये उभ्या राहिल्या आणि पहिल्या ओळीत वरून, शेवटच्या ओळीत तळातून घेतलं, तर एका मात्रेच्या वेलमध्ये दोन मात्रा जातात. प्रत्येक वेळी भरण्याआधी ट्यूब उलटीपालटी करा किंवा व्हॉर्टेक्स करा. तुमचे एरर बार मोठे असतील तर आधी इथे बघा.

आता एमटीटी. डिसेंबरचं ‘काहीच परिणाम नाही’ हे उत्तर मला सगळ्यात संशयास्पद वाटतं. तुळशीच्या अर्कातली पॉलिफिनॉलं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. कण स्वतः ५७० नॅनोमीटरला थोडा प्रकाश शोषतात आणि विखुरतात, गुठळ्या तर जास्तच. या दोन्हीमुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. उलट काही कणांवर फॉर्माझान (एमटीटीपासून बनणारा जांभळा पदार्थ) चिकटून खाली बसतो, विशेषतः कार्बन नॅनोट्यूबवर, आणि जिवंत पेशी मेलेल्या दिसतात. म्हणून प्रत्येक प्लेटवर हे वेल ठेवाच: पेशींशिवाय मीडियम, कण आणि एमटीटी, पेशींशिवाय मीडियम, तेवढाच अर्क आणि एमटीटी, पेशी आणि कण, पण एमटीटी नाही, आणि तयार फॉर्माझानच्या द्रावणात कण मिसळून आधीचं व नंतरचं रीडिंग. एमटीटी घालण्यापूर्वी कणांचं मीडियम काढून पेशी एकदा धुवा. डीएमएसओमध्ये विरघळवल्यावर प्लेट फिरवून वरचं द्रावण नव्या प्लेटमध्ये घ्या, मग वाचा. पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग कंट्रोलच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर मी ते वजा करून पुढे जातो. त्याहून जास्त असेल तर वजाबाकीवर विश्वास ठेवत नाही, पद्धतच बदलतो.

दुसरी पद्धत लागेलच, कारण एकाच रंगाच्या चाचणीवर प्रबंध उभा करू नये. एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजणारी चाचणी) चांदीसाठी घेऊ नका. चांदीचे आयन एलडीएच एन्झाइमलाच निकामी करतात आणि फुटलेल्या पेशी शाबूत वाटतात. न्यूट्रल रेड (जिवंत पेशी आत घेतात त्या रंगाची चाचणी) चालेल, त्यालाही तसेच कंट्रोल लावून. ज्यात रंगाच्या रीडिंगचा प्रश्नच येत नाही अशी चाचणी म्हणजे कॉलनी मोजणं: ६ वेलमध्ये प्रत्येकी ३०० पेशी, चिकटल्यावर २४ तास कण, मग मीडियम बदलून आठ-दहा दिवस वाढू द्या, क्रिस्टल व्हायलेटने रंगवा आणि पन्नासहून जास्त पेशी असलेल्या कॉलनी मोजा. वेळ लागतो, पण पैसा जवळपास लागत नाही आणि परीक्षकाला समजावून सांगायला सोपी आहे. डीसीएफ (ऑक्सिडेटिव्ह ताण मोजणारी) आणि कॉमेट (डीएनएची मोडतोड मोजणारी) या चाचण्यांमध्ये कणांची ढवळाढवळ होतेच. ते करायचं असेल तर पेशींशिवायचे कंट्रोल तिथेही लावा, वेळ नसेल तर सोडून द्या.

सेल लाइन पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संग्रहातून आणलेली असली तरी आता कितवा पॅसेज आहे ते लिहा आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची तपासणी करून घ्या. स्वतंत्र प्रयोग म्हणजे वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर, शक्य तर कणांच्या वेगळ्या बॅचने. एका प्लेटवरच्या सहा वेलना n = ६ लिहू नका.

अर्काबद्दल एक सावधगिरी, जी वनस्पतींपासून बनवलेल्या कणांत हमखास राहून जाते. पानांचा अर्क रात्रभर बाहेर राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचं एंडोटॉक्सिन (दाह उठवणारा जिवाणूंचा अंश) कणांना चिकटून पेशींपर्यंत येतं. ए५४९ ला त्याचं फारसं वाटणार नाही, पण मॅक्रोफेजवर किंवा रक्तावर काम केलंत तर जो दाह दिसेल तो चांदीचा की एंडोटॉक्सिनचा हे कळणार नाही. अर्क ताजा करा, गाळा, त्याच दिवशी वापरा. तयार कण ऑटोक्लेव्ह केले तर गुठळ्या होतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढले तर मोठ्या गुठळ्या फिल्टरवर राहून मात्रा घटते. फिल्टर केलंत तर नंतर चांदी पुन्हा मोजा.

मॅडमच्या मुद्द्याकडे येतो, आणि त्यात तथ्यही आहे. तुळस वापरल्याने सोडियम बोरोहायड्राइडसारखं रसायन टळतं, बनवण्याची प्रक्रिया सौम्य होते. अर्कातल्या रेणूंचं आवरण काही वेळा कणाला स्थिर ठेवतं आणि आयन सुटण्याचा वेगही कमी करू शकतं. पण आत चांदी आहे ती चांदीच. जीवाणूंना मारायला तुम्ही ज्या गुणावर भिस्त ठेवता, तोच गुण माणसाच्या पेशीलाही लागू पडतो. प्रश्न फक्त कोणत्या मात्रेला कोण मरतं याचा. म्हणून मॅडमपुढे दोन वक्र एका आलेखावर ठेवा: ई. कोलाय कोणत्या मात्रेला थांबतो आणि ए५४९ कोणत्या मात्रेला. या दोन आकड्यांमधलं अंतर हेच उपयोगाचं उत्तर आहे. अंतर मोठं असेल तर तुळशीच्या बाजूने तुम्ही खात्रीने बोलू शकाल. फक्त दोन्ही चाचण्या एकाच मीडियममध्ये होत नाहीत, ब्रॉथमधले थायोल आणि क्लोराइडही आयन बांधतात, हे त्याच पानावर लिहा.

गप्पींचं मात्र करू नका, निदान आत्ता नाही. मासे पृष्ठवंशी प्राणी आहेत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते आणि घाईत ती मागणं योग्यही नाही. शिवाय पाण्यामुळे प्रयोग फसण्याची शक्यता फार आहे. आजव्याचं किंवा महीचं पाणी नळाला येतं ते क्लोरीन घातलेलं. ते घालवायला मत्स्यालयाच्या दुकानातून अँटी-क्लोरीन आणून टाकलं, की त्यात साधारणपणे सोडियम थायोसल्फेट असतं, आणि थायोसल्फेट चांदीच्या आयनांना घट्ट बांधून ठेवतं. मासे मजेत पोहतील आणि तुम्ही ‘निर्धोक’ लिहाल. वास्तविक कल्ल्यांमधून सोडियम आत घेण्याची यंत्रणा चांदीचे आयन बंद पाडतात, त्यामुळे गोड्या पाण्यातले जीव आयनी चांदीला विलक्षण संवेदनशील असतात. डॅफ्नियाला (पाणपिसू या बारीक जलचराला) ती लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या पातळीवर मारते. तुमची पेशींवरची मात्रा मिलीमागे मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हजारपटीचा फरक. पेशी ५० ला जगल्या म्हणून नदीतलं पाणी सुरक्षित, असं म्हणता येत नाही.

जलचराचा भाग हवाच असेल तर डॅफ्निया घ्या, ओईसीडीच्या २०२ क्रमांकाच्या पद्धतीने: २४ तासांहून लहान पिल्लं, प्रत्येक मात्रेला किमान २०, पाच-पाचच्या चार गटांत, ४८ तास, मोजायचं ते हालचाल थांबणं. कंट्रोलमधली १० टक्क्यांहून जास्त पिल्लं थांबली तर प्रयोग बाद. पाणी स्वतः बनवा: लिटरमागे कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २९४ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १२३.२५, सोडियम बायकार्बोनेट ६४.७५ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.७५. यात ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) नाही, आणि धातूंच्या चाचणीत ते नकोच. कॅल्शियममुळे इथेही कण गुठळ्या करतात, म्हणून ० आणि ४८ तासांनी वरच्या पाण्यातली चांदी मोजा आणि मोजलेल्या मात्रेवरच ईसी-५० (निम्म्या पिल्लांची हालचाल थांबवणारी मात्रा) काढा. तापमान १८ ते २२ अंश लागतं. बडोद्याच्या एप्रिलमध्ये ते इन्क्युबेटरशिवाय जमणार नाही, आणि इन्क्युबेटर मिळत नसेल तर हा भाग वगळलेला बरा.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचा उल्लेख तुम्हाला चर्चेत करायचाय असं प्रश्नात लिहिलंय. तो करताना एवढं जोडा की मैलापाण्यात गंधक असतो आणि तिथे चांदीचे कण बऱ्याच अंशी सिल्व्हर सल्फाइड होतात. ते अतिशय कमी विरघळतं आणि विषारीपणा खूप घटतो. म्हणजे प्रयोगशाळेतला ताजा कण आणि नाल्यातून नदीत पोचलेला कण हे एकच द्रव्य राहत नाही. माणसाबद्दल लिहाल तर त्याहून सांभाळून. रक्तात गेलेले कण बहुतांशी यकृत आणि प्लीहेत अडकतात. मूत्रपिंडातून सहज बाहेर जायला कण साडेपाच नॅनोमीटरच्या आत लागतो, तुमचे तसे नाहीत. ए५४९ च्या आयसी-५० वरून ‘माणसाला इतकी मात्रा चालेल’ हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका. औषध म्हणून काय काय तपासावं लागतं याची यादी हवी असेल तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या वाचा.

स्वतःची काळजी: कोरडी पावडर पंख्याखाली उघडू नका. उन्हाळ्यात प्रयोगशाळेतले पंखे चालूच असतात, आणि तिथे पेशींपेक्षा तुमचं फुप्फुस जास्त जवळ असतं. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये हवेतल्या चांदीच्या नॅनोकणांसाठी आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ०.९ मायक्रोग्रॅम इतकी मर्यादा सुचवली आहे, त्यावरून अंदाज घ्या. शक्यतो पावडर बनवूच नका, सगळं काम द्रवातच करा. वाळवलेले कण पुन्हा नीट सुटे होतही नाहीत. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या बरणीत जमवा, नायट्रिक आम्लाने विरघळवून मीठ घालून सिल्व्हर क्लोराइड खाली बसवा आणि ते विभागाच्या घातक कचऱ्यात द्या. अमोनिया असलेलं चांदीचं द्रावण त्यात कधीही साठवू नका, ते स्फोटक होऊ शकतं.

निकाल कसा लिहायचा असंही विचारलंय. साधारण असं: ‘तुळशीच्या अर्काने बनवलेले, तीनदा धुतलेले, अमुक दिवस जुने, टीईएममध्ये अमुक आणि १० टक्के सीरमच्या मीडियममध्ये डीएलएसने अमुक नॅनोमीटरचे चांदीचे कण, एकूण चांदीच्या अमुक मात्रेला, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे अमुक मायक्रोग्रॅमला, २४ तासांत ए५४९ पेशींची कॉलनी बनवण्याची क्षमता निम्मी झाली, त्याच स्टॉकच्या कणरहित सुपरनॅटंटने यातला अमुक हिस्सा परिणाम दाखवला.’ वाक्य लांबलचक आहे खरं, पण दुसऱ्या कुणी बडोद्यात किंवा बाहेर हाच प्रयोग केला तर त्याला तुमचा आकडा पडताळता येईल.

नवा स्टॉक झाला की त्याचा आणि जुन्या बाटलीचा यूव्ही-व्हिस आलेख इथेच टाका, आणि फक्त कण व एमटीटी असलेल्या, पेशी नसलेल्या वेलची रीडिंगही. डिसेंबरच्या ‘काहीच परिणाम नाही’चं काय करायचं ते त्या दोन गोष्टी बघून सांगता येईल.